एका पगारात तीन माणसं: क्रिएटिव आणि मार्केटिंगमधल्या भरतीचं नक्की काय चाललंय?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही वैतागून.

मी कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारी. जाहिरात एजन्सीत सात वर्षं झाली, त्यातली शेवटची दोन 'सीनियर' या बिरुदासकट. गेले चार महिने नोकरी शोधतेय. परवा एका कंपनीची जेडी, म्हणजे पदाच्या कामांची यादी, आली. पदाचं नाव 'कंटेंट आणि ब्रँड लीड'. कामं अशी: ब्रँडचा सूर ठरवणं, वेबसाइट आणि ईमेलची कॉपी, सोशल मीडियाचं कॅलेंडर, छोटे व्हिडिओ शूट करून एडिट करणं, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लेआउट लावणं, पेड जाहिरातींचे रिपोर्ट काढणं, आणि शेपटाला 'एआय टूल्सवर हुकमत'. मी विचारलं, लीड म्हणजे हाताखाली किती जण? उत्तर आलं, "सध्या कोणी नाही, पण पुढे टीम वाढवायचा विचार आहे." म्हणजे लीडही मीच आणि लीडच्या मागे चालणारीही मीच.

पगार? तीन वर्षांपूर्वी मी नाकारलेल्या एका ऑफरपेक्षा एक पैसा जास्त नाही.

त्यात पुन्हा 'छोटीशी असाइनमेंट'. लाँचसाठी तीन महिन्यांचं कॅलेंडर, पाच ईमेल, दोन रील्सच्या स्क्रिप्ट, एक लँडिंग पेज. मुदत ४८ तास. ब्रीफमध्ये उत्पादनाचं खरं नाव होतं आणि लाँचची खरी तारीखही. मी दोन रात्री जागून सगळं करून दिलं. हे आधीच कबूल करते, म्हणजे शिव्या एकदाच घालून घ्या.

बाजारच असा झालाय, की मीच चुकीची दारं ठोठावतेय?

पिक्सेलवेडी

अगं, शिव्या कसल्या घालू, मीही करून दिलंय. मला तर लोगोचे तीन पर्याय मागितले होते. सहा महिन्यांनी त्यातल्या एकाचा सख्खा भाऊ त्यांच्या पॅकिंगवर दिसला. सिद्ध काय करणार? बसले गप्प.

डिझायनरांच्या जाहिरातींचंही हेच. 'ग्राफिक डिझायनर' वाचून आत जावं तर मोशन (हलती चित्रं), यूआय (ॲपचे स्क्रीन), थोडं थ्रीडी, फोटोग्राफी आली तर उत्तम. मला थ्रीडी येत नाही म्हटल्यावर समोरचा माणूस मला चालताच येत नसल्यासारखा बघत होता.

कोरडाठाक

सोप्पं आहे. एआय आलं, क्रिएटिववाल्यांचा बाजार उठला. धागा बंद करा.

हुकलेली_डेडलाइन

कोरडाठाक, एवढ्या लवकर बंद नको. तारखा लावून बघा. फेसबुकवाल्या मेटाने ११,००० माणसं काढल्याचं जाहीर केलं ९ नोव्हेंबर २०२२ ला. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. कुऱ्हाड आधी पडली, एआय मागाहून आलं.

२०२१ मध्ये पैसा जवळपास फुकट मिळत होता. सगळं जग घरात बसून ऑनलाइन खरेदी करत होतं, आणि प्रत्येक कंपनीला वाटत होतं की हे असंच चालणार. तेव्हा मार्केटिंगमध्ये भरती नव्हती, भर्रदिशी ओढाताण होती. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर चढवायला घेतले, पैसा महाग झाला आणि 'वाढ' या शब्दाची जागा 'काटकसर' या शब्दाने घेतली. अशा वेळी पहिली कात्री मार्केटिंगवर आणि भरती करणाऱ्यांवर चालते, कारण ही दोन्ही खाती छाटली तरी या तिमाहीत काही बिघडत नाही. बिघडतं ते वर्षाने, आणि तोवर छाटणारा दुसरीकडे गेलेला असतो.

एआयने काहीच केलं नाही असं म्हणत नाही. पण झालेल्या कपातीला एक झकास कारण त्याने पुरवलं, हे नक्की.

आकडेमोड

मी एजन्सीच्या हिशेबाच्या बाजूला बसतो. क्रिएटिव माणसं आम्हाला खडूस म्हणतात, म्हणोत.

खिडकीजवळची, तुमचा पगार कोण ठरवतं? तुमचा पोर्टफोलिओ ठरवत नाही. क्लायंटच्या वर्षाच्या बजेटातला एक तुकडा ठरवतो. गार्टनर या संशोधन कंपनीची सीएमओंची, म्हणजे मार्केटिंग प्रमुखांची, पाहणी दरवर्षी येते. त्यात कंपनीच्या उत्पन्नाच्या किती टक्के पैसा मार्केटिंगला जातो ते कळतं. २०२० ला ११ टक्के होता, २०२१ ला ६.४ वर कोसळला, २०२२ ला ९.५, २०२३ ला ९.१, २०२४ ला ७.७, आणि २०२५ लाही तिथेच. २०२२ नंतर ताट लहान होत गेलं आणि खाणारी चॅनेल वाढली. याच पैशात जाहिरातींची जागा विकत घ्यायची, सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची, एजन्सीची फी द्यायची आणि माणसांचे पगारही भागवायचे. जागेचे दर आपल्या हातात नाहीत, सॉफ्टवेअरवाला सोडत नाही. राहिली माणसं.

आता एजन्सीच्या आतलं. आमच्याकडे ढोबळ ठोकताळा तिपटीचा: माणसाचा पगार एक असेल तर क्लायंटकडून त्याच्या वेळेचे तीन यायला हवेत. एक त्याचा, एक जागा-वीज-आमच्यासारखे खडूस यांचा, एक नफ्याचा. हा कागदावरचा आदर्श. क्लायंट ठरल्यापेक्षा दहा जास्त फेऱ्या करून घेतो तेव्हा त्या तिसऱ्या हिश्शाला भोक पडतं. ते बुजवायला पगारवाढ पुढे ढकलतात. तुम्ही टाइमशीटवर खोटे आठ तास लिहिता ना, प्रत्यक्षात अकरा काम करून? त्याने भोक दिसायचंच बंद होतं. आणि न दिसणाऱ्या तासांचे पैसे मी क्लायंटकडे कुठल्या तोंडाने मागू?

खिडकीजवळची

@आकडेमोड, बाप रे. म्हणजे मी सात वर्षं स्वतःचीच पगारवाढ टाइमशीटमध्ये पुरत होते?

आकडेमोड

थोडीफार, हो. बाकीची आम्ही पुरली.

जुनंखोड

या धंद्यात तीस वर्षं काढली, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. ज्यांना घाई आहे त्यांनी खालचे प्रतिसाद वाचावेत.

एके काळी एजन्सी तासावर जगत नव्हती. वर्तमानपत्रात, टीव्हीवर जागा घ्यायची आणि त्या रकमेवर १५ टक्के कमिशन. कॉपी दोन तासांत सुचली की दोन महिन्यांत, कमिशन तेवढंच. त्यामुळे लेखक खिडकीबाहेर बघत बसला तरी कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. पुढे जागा विकत घेण्याचं काम वेगळ्या मीडिया कंपन्यांकडे गेलं, कमिशन त्यांच्यामागे गेलं, आणि क्रिएटिववाले उरले फी आणि तासांवर. आकडेमोड सांगतायत तो तिपटीचा ठोकताळा त्यानंतर एवढा महत्त्वाचा झाला. लोक समजतात टूल्स बदलली म्हणून पगार अडकले. माझ्या मते पैसे मोजायची पट्टी बदलली तेव्हाच आपण अडकलो. कल्पना तासाने विकायला लागलात की जो लवकर काम संपवतो त्याचंच नुकसान. आता एआयने तोच तास दहा मिनिटांचा केला, तर बिल कशाचं लावणार?

दुसरं असं की १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये डीडीबी ही जाहिरात एजन्सी सुरू झाली. तिथे बिल बर्नबाख यांनी कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांना एका खोलीत जोडीने बसवलं. त्याआधी लेखक मजकूर लिहून खाली पाठवायचा आणि चित्रवाला त्याला सजवायचा. जोडी बसवल्यावर कामाचा पोत बदलला आणि जगभर तीच पद्धत झाली. आज खिडकीजवळचीला आलेली जेडी पाहिली तर जोडी मोडून एकाच खुर्चीत दोघांना बसवायचा बेत दिसतो. त्यात वाद कोण कोणाशी घालणार? चांगली जाहिरात त्या वादातून निघायची.

आणि २०२४ च्या डिसेंबरात ओम्निकॉम या एजन्स्यांच्या बड्या समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह घ्यायची घोषणा केली, पुढच्या वर्षी व्यवहार उरकलाही. दोन मोठी घरं एक झाली की स्वयंपाकघरं दोन राहत नाहीत. वरच्या पदांची माणसं एकदम बाजारात येतात आणि मग एक पायरी खालची नोकरीही मान्य करतात. मधल्या फळीचा पगार तिथेही दबतो.

हुकलेली_डेडलाइन

काका, जुन्या काळाची हळहळ कळते, पण सगळ्यांचेच पगार अडकलेले नाहीत. मी कंपनीत परफॉर्मन्स मार्केटिंग करतो, म्हणजे निकाल मोजता येतील अशा ऑनलाइन जाहिराती. आमच्याकडे ज्याला 'हे केल्यामुळे एवढी विक्री झाली' असं दाखवता येतं त्याला वाढ मिळते. क्रिएटिववाले आकड्यांपासून पळतात आणि मग वाढ नाही म्हणून रडतात.

जुनंखोड

बाळा, २०२१ चा एप्रिल आठवतो का? ॲपलने आयफोनवर 'हे ॲप तुमचा माग काढू का?' असं विचारायला लावलं आणि बहुतेकांनी नाही म्हटलं. त्या महिन्यात तुझे डॅशबोर्ड काय म्हणत होते?

हुकलेली_डेडलाइन

😅 बरोबर. अर्धे आकडे आंधळे झाले होते. आणि गंमत म्हणजे टार्गेटिंग, म्हणजे नेमक्या माणसाला जाहिरात दाखवणं, लंगडं झाल्यावर आमच्याच साहेबांना साक्षात्कार झाला की आता 'क्रिएटिव हेच टार्गेटिंग'. तेव्हापासून आठवड्याला चाळीस-चाळीस व्हेरिएशन्स मागतात. मागणी वाढली, पण ती चांगल्या जाहिरातीची नव्हे, जास्त जाहिरातींची. त्यामुळे डिझायनरचा भाव वाढेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात टेम्पलेटचा वाढला.

नवखा_आहे

मी वर्षभरापूर्वी पदवी घेतली. वर सगळे पगार अडकल्याचं बोलताय, मला पगारच नाही. 'एंट्री लेव्हल, अनुभव २ ते ३ वर्षं' अशा जाहिराती बघून डोकं फिरतं. पन्नासेक अर्ज केले, चार मुलाखती झाल्या, त्यातल्या तिघांनी पुन्हा फोनच केला नाही.

पिक्सेलवेडी

नवखा, तुझ्यासाठी खरंच वाईट वाटतं, कारण आम्ही ज्या दारातून आत आलो ते दार बुजवलंय.

माझं पहिलं वर्ष सांगते. एकच की-व्हिज्युअल (मोहिमेचं मुख्य चित्र), त्याचे चौदा आकार: होर्डिंग आडवं, होर्डिंग उभं, बस स्टॉप, वेबसाइटच्या डोक्यावरची लांबुडकी पट्टी, मोबाइलचा चौकोन. त्या लांबुडक्या पट्टीत बाईचा चेहरा ठेवायचा की उत्पादन, हे ठरवताना मी तीन वेळा मार खाल्ला. चौथ्या वेळी सीनियर म्हणाला, "नजर कुठे जाते ते बघ, मग काय कापायचं ते आपोआप कळेल." तो धडा मला कुठल्या वर्गात मिळाला नसता. आज ते चौदा आकार बटण दाबलं की होतात. कोणी करून घेणारही नाही, कारण ते काम खरंच कंटाळवाणं होतं. पण त्या कंटाळ्याच्या आडून आम्हाला शिकण्यासाठी पगार मिळत होता. आता कंपन्यांना शिकलेला माणूस हवा, शिकवणीचा खर्च दुसऱ्या कोणीतरी केलेला.

आणि मग पाच वर्षांनी म्हणतील, चांगले सीनियर मिळत नाहीत.

चाळणी

रिक्रूटर आहे, दगड मारू नका. आतलं थोडं सांगते.

बहुतेक कंपन्यांत प्रत्येक पदाला पगाराचा पट्टा ठरलेला असतो: तळ, मध्य, माथा. मला भरती साधारण मध्याच्या आसपास करायला सांगतात, म्हणजे पुढे वाढ द्यायला जागा राहते. उमेदवार जुना पगार सांगतो आणि तो तळाच्या खाली असतो, तेव्हा मला तळावर ऑफर द्यायचा मोह होतो, आणि साहेब लोक तो मोह पाळायला लावतात. म्हणून जुना पगार कधीही आधी सांगू नका. "या पदाचा पट्टा काय?" एवढंच विचारा. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२१ पासून, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून जाहिरातीत पगाराचा पट्टा लिहायला लावला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने तर उमेदवाराला जुना पगार विचारायलाच मनाई केली आणि सदस्य देशांना कायदे करायला जून २०२६ ची मुदत दिली. जिथे कायदा नाही तिथेही परदेशी कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या जाहिरातीत तेच पद शोधा. आकडा तसाच्या तसा लागू होत नाही, पण दोन पदांमधलं अंतर कळतं. तुमचं 'लीड' त्यांच्याकडे 'सीनियर'च्या वर आहे की खाली, हे तिथे उघड होतं.

पदनामांबद्दल एक कबुली. पगार वाढवता येत नाही तेव्हा आम्ही नाव वाढवतो. नावाला खर्च येत नाही.

नवखा, फोन न येण्यामागे दर वेळी तूच नसतोस. कधी पदाची मंजुरीच गोठते, कधी आतला माणूस आधीच ठरलेला असतो आणि जाहिरात केवळ नियम म्हणून दिलेली असते. कळवायला हवं, आम्ही कळवत नाही, ही आमची वाईट खोड आहे. पोर्टफोलिओत वीस कामं ठेवू नकोस, चार ठेव. आणि प्रत्येकाखाली काय अडलं होतं आणि काय टाकून दिलं ते लिही. मी चकचकीत चित्रं दिवसाला शंभर बघते. 'हे का नाही केलं' असं लिहिलेलं आठवड्यातून एखादं दिसतं, त्याला मी फोन करतेच.

स्वतःचाच_साहेब

फ्रीलान्सरांची आठवण कोणी काढली नाही, म्हणून आलो.

खिडकीजवळची, चार महिने झालेत म्हणजे 'तोवर फ्रीलान्स करते' असं मनात आलंच असेल. करा, पण दर काढताना पगाराला तासांनी सरळ भागू नका, मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि मेलो. नोकरीत वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे २०८० तासांचा पगार, सुट्टीसकट. स्वतःच्या धंद्यात सहा आठवडे आजारपण-सण-सुट्टीचे काढा, उरले १८४० तास. त्यातले चाळीस टक्के क्लायंट शोधणं, कोटेशन, बिलाच्या मागे धावणं यात जातात. बिल लागतं सुमारे ११०० तासांचं. शिवाय सॉफ्टवेअर, विमा, लॅपटॉप हे तुमच्या खिशातून, त्याचे पगाराच्या तीस टक्के धरा. १०० पगार होता तर १३० हवेत, तेही ११०० तासांत. तासाचा दर नोकरीच्या जवळपास अडीचपट येतो. हा दर ऐकून क्लायंट दचकतो. दचकू द्यावा.

ज्याला कामाची व्याप्ती नीट ठरवता येते त्याने मात्र तासाने विकूच नये, कामाने विकावं. जुनंखोड म्हणतायत त्या सापळ्यातून तेवढाच रस्ता आहे.

पैसे वेळेवर मिळणं हा वेगळा धागा होईल. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी कायदा आहे: ८०० डॉलर किंवा जास्तीचं काम असेल तर लेखी करार हवा, आणि करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे. कायदा नसला तरी करार करायला कोणी अडवत नाही. मी अर्धे पैसे आधी घेतो. जो अर्धे आधी देत नाही तो नंतर पूर्ण देत नाही, हे दोनदा ठेच लागल्यावर कळलं.

आकडेमोड

साहेबांच्या हिशेबाला अनुमोदन. नोकरीतल्यांसाठीही एक गणित देतो. १०० पगार, वर्षाला ४ टक्के वाढ, पाच वर्षांनी १२१.७. महागाई ६ टक्के धरली तर त्याच पाच वर्षांत १०० चा खर्च १३३.८ झाला. म्हणजे दर वर्षी 'वाढ' घेऊन माणूस गरीब झाला. त्या पाचांतली चार वर्षं ४ टक्केच आणि एका वर्षी नोकरी बदलून २० टक्के, तर १४०.४. नोकरी बदलणारे चंचल असतात असं म्हणणारे बहुधा हा हिशेब करत नाहीत. किंवा करतात, म्हणूनच म्हणतात.

पिक्सेलवेडी

आणि एजन्सी सोडून कंपनीत जाणं कसं? तिथे पगार बरा म्हणतात.

आकडेमोड

बरा असतो, बऱ्याचदा. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांना विचारलं तेव्हा स्वतःची अंतर्गत एजन्सी असलेले २००८ ला ४२ टक्के होते, २०२३ ला ८२. कामं तिकडे चालली आहेत. फक्त वर चढायला शिडी आखूड असते. डिझाइन प्रमुख एकच, तो हलला तर तुम्ही. पाच वर्षं एकाच ब्रँडचा निळा रंग बघायची तयारी हवी.

कोरडाठाक

बरं, मी माघार घेतो. एआयने सगळं संपवलं नाही. पण २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप करून करारात एआयबद्दल कलमं घालून घेतली. आपल्याकडे ना संघटना ना कलमं. कॉपीरायटर संपावर गेला तर कोणाला कळणार तरी आहे का?

जुनंखोड

दुसऱ्या दिवशी नाही कळणार. क्लायंटला तिसऱ्या आठवड्यात कळेल, जेव्हा त्याची आणि त्याच्या स्पर्धकाची जाहिरात शब्दाला शब्द सारखी निघेल.

खिडकीजवळची

(नऊ दिवसांनंतर) धागा वर आणते, कारण घडलेलं सांगायला हवं.

चाळणींचं ऐकून एचआरला पट्टा विचारला. "बजेट ठरलेलं आहे," एवढंच म्हणाली. मग ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या बाईंशी बोलायची वेळ मागितली. त्या बऱ्या निघाल्या. मी सरळ विचारलं, हे पद नवीन आहे की कोणाच्या जागी? त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, आधी दोघं होती, एक लेखिका आणि एक डिझायनर. महिन्याभराच्या अंतराने दोघंही गेली आणि मंजुरी एकाच पदाची परत आली.

म्हटलं, मग दोघांच्या पगारांची बेरीज मागत नाही, दीडपट मागते. आणि व्हिडिओ शूट, एडिट माझ्याकडून काढा. शेवटी एकूण २२ टक्के वर आल्या, व्हिडिओ बाहेरच्या माणसाला देणार, 'लीड' काढून 'सीनियर' लिहिणार. उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. ती आधीची लेखिका का गेली ते विचारायचं राहिलं, तेच डोक्यात घोळतंय.

चाळणी

तिला शोधा. नाव कंपनीच्या जुन्या पोस्टांत सापडेल. दहा मिनिटं फोनवर बोला, माझ्यासारख्या दहा रिक्रूटरांपेक्षा जास्त कळेल.

पिक्सेलवेडी

आणि त्या असाइनमेंटचं काय झालं गं? पाच ईमेल, लँडिंग पेज?

खिडकीजवळची

त्याचं बिल पाठवलंय. स्वतःचाच_साहेबांच्या अडीचपट दराने. बाईंनी हसून अकाउंट्सकडे पुढे पाठवलं म्हणे, तिथून अजून काही आलेलं नाही.

स्वतःचाच_साहेब

तिसाव्या दिवशी आठवण करून द्या.